जुनी जीप, जुनी जिप्सी : घरची देखभाल आणि फेरबदलांची मर्यादा

नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झालेली जीप रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, याचा निर्णय परिवहन कार्यालयात होतो. त्या निर्णयाची तयारी मात्र मालकाच्या अंगणात आधीच झालेली असते. छत्तीसगडमधील भिलाई शहराच्या वैशालीनगर वसाहतीतील वाहनधारकाला नूतनीकरणासाठी दुर्गच्या परिवहन कार्यालयाकडे जावे लागते. या कार्यालयाच्या वाहनक्रमांकांची सुरुवात 'सीजी ०७' या अक्षरांनी होते. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. पंधरा वर्षांवरील हलक्या मोटार वाहनासाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील वाहनांसाठी ते दहा हजारांवर नेले. एवढी रक्कम भरून तपासणीत नापास होणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणूनच जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनाची देखभाल करताना वाहन कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाच्या स्थितीच्या जवळ नेणे हे पहिले काम आणि त्यात भर घालणे हे फार नंतरचे काम, असा क्रम ठेवणे हिताचे ठरते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. नवे रुंद टायर आधी येतात आणि गळके ऑइल सील तसेच राहते.

भारतीय रस्त्यांवर आज दिसणारी जुनी वाहने मुख्यतः तीन घराण्यांची आहेत. पहिले घराणे महिंद्राचे. विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून १९४९ मध्ये मुंबईच्या माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू झाली. पुढे सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप अनेक दशके येथे तयार होत राहिली. तिचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन २.२ लिटरचे होते. त्यात इंधन आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये अशी आज दुर्मीळ झालेली रचना होती. १९८० च्या दशकात पेजो परवान्याचे २११२ सीसी डिझेल इंजिन आले आणि एमएम ५४० सारख्या जीपमध्ये बसले. दुसरे घराणे मारुती जिप्सीचे. ही गाडी १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनासह बाजारात आली. १९९६ मध्ये १२९८ सीसीची 'जिप्सी किंग' आली, २००० मध्ये कार्बोरेटर जाऊन इंधन अंतःक्षेपण आले आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. तिसरे घराणे जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत निसानच्या परवान्याने लष्करासाठी तयार झालेल्या जोंगाचे. जबलपूर फार दूर नसल्याने मध्य भारतात ही गाडी अजूनही क्वचित नजरेस पडते.

यांपैकी पुष्कळ वाहने सरकारी खात्यांच्या लिलावातून खासगी हाती आली. वनविभाग, महसूल, पोलीस अशा खात्यांत झिजलेली जीप स्वस्तात घेऊन ती उभी करणे हा एका पिढीचा छंदच होता. ती वाट आता बंद झाली आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्राकडे पाठवावी लागतात. देशाचे संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरली जाणारी विशेष वाहने या नियमातून वगळली आहेत. परिणामी, ज्यांच्याकडे अशी जीप आधीपासून आहे त्यांना ती टिकवण्यावाचून दुसरा मार्ग उरलेला नाही.

जॅक लावण्यापूर्वी

घरच्या कामात सर्वाधिक धोका गाडीखाली शिरण्यात आहे. जुन्या जीपबाबत तर एक विशेष गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या पिढीतील अनेक वाहनांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागील बाजूस, प्रोपेलर शाफ्टवर पकड घेतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे ते अधांतरी चाक मोकळेपणी उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक पुढे सरकू शकते. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरू शकते. गाडी गिअरमध्ये ठेवल्यानेही हा धोका टळत नाही, कारण गिअरची पकडही त्याच शाफ्टमार्फत चाकांपर्यंत पोहोचते. मोटारीची सवय असलेल्या माणसाला हे सहसा ठाऊक नसते.

यावर उपाय साधा आहे. जमीन सपाट आणि कठीण असावी. वसाहतीतील मुरुमाच्या जागेत जॅकखाली जाड फळी घालावी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. जॅकचे काम गाडी उचलण्यापुरतेच असते; उचललेली गाडी पेलण्यासाठी एक्सलखाली किंवा चेसिसखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय आत शिरू नये. विटांची चवड कितीही भक्कम वाटली तरी ती एकाएकी फुटते. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी.

हत्यारांचा मोठा संच लागत नाही. रिंग पाने, गोटी पाने, ग्रीस गन, फीलर गेज आणि ठरावीक ताकदीने बोल्ट आवळणारा टॉर्क पाना एवढ्यावर बहुतेक कामे होतात. शेवटची वस्तू खर्चिक वाटते, पण इंजिनाचे हेड आणि पाट्यांचे यू-बोल्ट हातच्या अंदाजाने आवळणे हेच पुढच्या अनेक तक्रारींचे मूळ असते. विलीजच्या परंपरेतील जीपमध्ये इंची मापाचे आणि जिप्सीत मिलिमीटर मापाचे नट-बोल्ट असतात. चुकीच्या पान्याने गोल झालेला एक नट अर्धा दिवस खातो.

चारही चाकांची चाल

जुन्या जीप आणि जिप्सीतील फोर-व्हील-ड्राइव्ह ही 'पार्ट-टाइम' पद्धतीची असते. तीत पुढच्या आणि मागच्या एक्सलमधील वेगाचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो. लिव्हर ओढली की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने बांधले जातात. वळण घेताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. चिखलात वा वाळूत चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते घसरत नाही आणि सारा ताण क्रॉस, गिअर आणि शाफ्ट यांच्यावर साठत जातो. लिव्हर परत ढकलता न येणे हे या ताणाचे लक्षण आहे. अशा वेळी लिव्हरवर जोर करू नये. थोडे सरळ मागे घेतल्यास ती सुटते. शहरातील रस्त्यावर फोर-व्हील टाकून फिरण्यात शान नाही, नुकसान आहे.

याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असणे आवश्यक ठरते. मागे नवे आणि पुढे गुळगुळीत टायर असले की सरळ रस्त्यावरही दोन्ही एक्सल निराळ्या गतीने फिरू पाहतात.

वर्षानुवर्षे न वापरल्याने बिघडणे हा उलट टोकाचा दोष. शहरात उभ्या असलेल्या जीपची फोर-व्हील यंत्रणा महिनोन्महिने फिरत नाही, वरच्या भागांवरचे तेल उतरून जाते, सील कडक होतात. महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर दोन-चार किलोमीटर फोर-व्हील लावून चालवणे एवढा व्यायाम पुरेसा असतो. पुढच्या चाकांना हाताने फिरवावयाचे लॉकिंग हब असतील तर ते त्या वेळी जोडावेत आणि वर्षातून एकदा उघडून स्वच्छ करून नवे ग्रीस भरावे.

पुढच्या एक्सलची दोन्ही टोके हा या गाड्यांचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गोलाकार आवरणात शाफ्टचा सांधा असतो आणि त्याच आवरणाभोवती, वरच्या आणि खालच्या किंगपिन बेअरिंगवर चाक वळते. हे बेअरिंग झिजले की ठरावीक वेगाला, विशेषतः एखाद्या खड्ड्यानंतर, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जोरात थरथरू लागते. अनेक जण अशा वेळी स्टिअरिंग बॉक्स बदलतात किंवा डॅम्पर बसवून घेतात. त्याने थरथर काही काळ दबते, पण कारण जागेवरच राहते. तपासण्याची रीत सोपी आहे. चाक उचलून, घोडी लावून, टायर वर आणि खाली धरून हलवावा. खटका जाणवला तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. ब्रेक दाबल्यावर खटका नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तो कायम राहिला तर किंगपिनचा. त्यानंतर टायर डावी-उजवीकडे हलवून टाय रॉडची टोके पाहावीत. किंगपिनची ढिलाई पातळ शिम कमी-जास्त करून दुरुस्त होते. काम किचकट आहे, परंतु घरी होण्याजोगे आहे.

तेलाबाबत एक इशारा आवश्यक आहे. डिफरन्शियलच्या दातांवर पडणाऱ्या घसटीच्या दाबासाठी जीएल-५ प्रतीचे गिअर तेल लागते. तेच तेल जुन्या गिअरबॉक्समध्ये टाकल्यास त्यातील काही रसायने सिंक्रोच्या पितळी कड्यांना मारक ठरू शकतात. तेथे बहुधा जीएल-४ सुचवलेले असते. 'चांगल्यातले घाला' असे दुकानदाराला सांगणे पुरेसे नाही. गाडीच्या पुस्तिकेतील प्रत पाहावी.

पाऊस, पाणी आणि एक छोटी नळी

छत्तीसगडच्या पावसाळ्यात नाले ओलांडण्याचा प्रसंग येतोच आणि जीप असल्याने तो येऊ दिलाही जातो. पाण्यातून गेल्यावर बिघाड कसा होतो हे समजून घेण्यासारखे आहे. चालून तापलेल्या एक्सलच्या पोटात गरम हवा असते. एक्सल एकाएकी थंड पाण्यात बुडला की ती हवा आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. ब्रीदर नावाची छोटी नळी मोकळी आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत येते. ती चिखलाने बुजलेली असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत येते. दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीसारखी चालते, पण तेलाचा रंग दुधी होतो आणि काही महिन्यांत बेअरिंग ओरडू लागते.

बुजलेल्या ब्रीदरचा उलट परिणामही होतो. तापलेल्या हवेला वाट न मिळाल्याने दाब वाढतो आणि तेल सीलवाटे बाहेर पडते. सील पुन्हा पुन्हा बदलूनही गळती थांबत नसेल तर प्रथम ही नळी पाहावी. ब्रीदरला तेलरोधक रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेणे ही कदाचित या गाड्यांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा असेल. तिच्यामुळे नोंदणीपुस्तिकेतील कोणत्याही तपशिलाला धक्का लागत नाही.

खोल पाण्यातून आल्यावर एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांचे झाकणाचे बोल्ट काढून तेलाचा थेंब बोटावर घेऊन पाहावा. तेल दुधी दिसल्यास ते त्याच आठवड्यात बदलावे. काढलेले तेल नालीत वा रिकाम्या भूखंडावर ओतू नये. वापरलेले इंजिन तेल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पोहोचेल अशा वर्कशॉपला द्यावे.

धूळ, उन्हाळा आणि नवे पेट्रोल

भिलाईच्या दक्षिणेस दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत. तिकडच्या वाटांवरची लाल धूळ बारीक आणि कठीण असते. ती एअर फिल्टर चुकवून आत गेली की सिलिंडर आणि रिंगा झिजतात, गाडी तेल पिऊ लागते. जुन्या जीपचा 'ऑइल बाथ' फिल्टर या धुळीला चांगला पुरून उरतो, मात्र त्याच्या वाटीतील तेल वेळच्या वेळी बदलले पाहिजे आणि फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीला चीर असता कामा नये. फिल्टर नवा आणि नळी फाटकी, हे दृश्य अपवादात्मक नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा कार्बोरेटरच्या गाड्यांना आणखी एक व्याधी जडते. इंधनाच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत राहतो. चढावर किंवा सिग्नलला गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते. पंपावर ओले फडके ठेवणे हा ड्रायव्हरांचा जुना तोडगा तात्पुरता आहे. नळी सायलेन्सरपासून दूर वळवणे, मधे उष्णतारोधक पत्रा बसवणे आणि रेडिएटर आतून साफ करून घेणे हा टिकाऊ उपाय होय. रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी भरत राहिल्यास क्षार साचतात. कूलंटचा उपयोग थंडीपेक्षा आपल्याकडे गंज रोखण्यासाठी अधिक आहे.

अलीकडच्या काळातील खरा बदल पेट्रोलमध्ये झाला आहे. देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. १९८० किंवा १९९० च्या दशकातील गाडीचे रबर या इंधनासाठी बनवलेले नव्हते. इंधननळ्या मऊ पडणे वा तडकणे, पंपाचा पडदा फुगणे, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा थर साचणे ही त्याची लक्षणे आहेत. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. त्यामुळे पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी उतरून टाकी आतून गंजू शकते. इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या नळ्या बसवणे, नवा फिल्टर दिसेल अशा जागी लावणे आणि गाडी दर पंधरवड्याला चालवणे ही खबरदारी घ्यावी. तडकलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडले तर त्याचा परिणाम सांगावयास नको.

डिझेल जीपला या त्रासातून सुटका आहे. तिला हवेचे वावडे. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर नळ्यांत शिरलेली हवा हातपंपाने, बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत काढावी लागते. इंजेक्शन पंप आणि नोझल मात्र घरी उघडू नयेत. नोझलमधून उच्च दाबाने सुटणारी डिझेलची धार कातडीत शिरून गंभीर इजा करते.

ब्रेक

सीजे-३बी सारख्या जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि त्या सर्वांना एकच मास्टर सिलिंडर, एकाच परिपथातून तेल पुरवतो. आधुनिक मोटारीत परिपथ दोन असतात आणि एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवतो. जुन्या जीपमध्ये एका चाकाचे सिलिंडर फुटले तर पेडल तळाला जाते आणि चारही चाके मोकळी होतात. म्हणून व्हील सिलिंडरची किंचित ओलही येथे दुर्लक्षिण्याजोगी नाही. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते, उताराच्या रस्त्यावर तापल्यावर त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलणे योग्य. रबरी होज बाहेरून धड दिसले तरी आतून फुगलेले असू शकतात. ब्रेक सोडल्यावरही एक चाक गरम राहणे ही त्याची खूण.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी फुंकणे किंवा हवेच्या नळीने उडवणे टाळावे. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी, तोंडावर मास्क असावा.

गंज आणि वेल्डिंग

भिलाईत एक सोय अशी आहे की जी मोठमोठ्या शहरांतही सहजी मिळत नाही. पोलाद कारखाना आणि त्याच्या आधाराने वाढलेले छोटे उद्योग यांमुळे लेथवर काम करणारे आणि वेल्डिंग जाणणारे कुशल हात येथे पुष्कळ आहेत. न मिळणारी बुश, पिन किंवा ब्रॅकेट येथे करून मिळते. या सोयीचा मोह मात्र आवरावा लागतो. पाटा तुटला की वेल्डिंग करून जोडणे हा तसाच एक मोह. पाट्याचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून आणि थंड करून लवचिक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचा संस्कार नाहीसा होतो आणि पाटा जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटतो. तुटलेला पाटा बदलावाच लागतो. स्टिअरिंगचे दांडे, टाय रॉड आणि नकल यांनाही वेल्डिंगचा स्पर्श होऊ देऊ नये.

जिप्सीचा पत्रा पातळ. तिची तळफळी, मागच्या चाकांवरचा भाग आणि दरवाज्यांची खालची कड प्रथम कुजते. जीपचा पत्रा जाड असला तरी तिच्या चेसिसचे पोकळ भाग आतून गंजतात. पाटा जेथे चेसिसला जोडला जातो तेथे हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आत काही उरलेले नाही असे समजावे. वरून पुटीन आणि काळा रंग मारून गंज झाकला जातो, थांबत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवणे आणि इंधनटाकी गाडीपासून वेगळी करणे आवश्यक आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ भरलेली असते.

फेरबदल आणि कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या अन्य इंधनासाठीचा संच विहित अटींवर बसवता येतो. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ स्पष्ट केला. वाहनाची मूळ रचना बदलता येणार नाही, रंग वा किरकोळ जोडण्यांसारखे बदल मात्र चालू शकतील, असा त्या निर्णयाचा आशय आहे. रंग बदलल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने अनधिकृत फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. पुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या.

कायदा बाजूला ठेवला तरी यंत्रशास्त्राचा हिशेब राहतोच. २८ इंच व्यासाचे टायर काढून ३१ इंचांचे बसवले, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे अकरा टक्के अधिक अंतर कापते. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना खरा वेग ६६ च्या वर असतो. थांबवण्यासाठी तेच जुने ड्रम असतात आणि त्यांना आता अधिक मोठ्या चाकाशी झुंजावे लागते. पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी उंच केली की प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरका होतो, क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकचे होज ताणले जातात आणि गुरुत्वमध्य वर जातो. सीजे-३बी चा व्हीलबेस अवघा ८० इंचांचा आहे. इतक्या आखूड गाडीला वळणावर उलटण्यासाठी फार निमित्त लागत नाही. अपघातानंतर विमा कंपनी नोंदणीबाह्य फेरबदलाकडे बोट दाखवून दावा अडवू शकते, हीही बाब विचारात घ्यावी.

मूळ पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल बसवण्याची प्रथा जुनी आहे आणि अशा असंख्य जीप आजही फिरताना दिसतात. प्रमाणपत्रात इंधनाच्या जागी 'पेट्रोल' असताना बॉनेटखाली डिझेल इंजिन असेल, तर ती गाडी विकत घेणारा भांडणही विकत घेत असतो. त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवावयाचे असल्यासही परवानगी आधी घ्यावी आणि इंजिनाच्या खरेदीची पावती जपून ठेवावी. डिस्क ब्रेक वा पॉवर स्टिअरिंग यांनी गाडी अधिक सुरक्षित होते हे खरे असले तरी नोंदणी अधिकाऱ्याचे मत कामाआधी विचारणे श्रेयस्कर.

याउलट, सीट बेल्ट बसवणे, विजेच्या जुन्या तारा बदलून प्रत्येक वाहिनीला फ्यूज देणे, हेडलाइटला रिले लावून तेच बल्ब पूर्ण तेजाने पेटवणे, ओढण्यासाठी चेसिसला धरणारा मूळ पद्धतीचा हूक आणि टपाखाली अग्निशामक ठेवणे या गोष्टींनी कोणाचे काही बिघडत नाही. छायाचित्रात त्या दिसत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

मूळ रूप जपणाऱ्यांसाठी जुलै २०२१ पासून एक स्वतंत्र दालन उघडले आहे. पन्नास वर्षांहून जुने आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न केलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून मुदत दहा वर्षांची आहे. असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसाठीच चालवता येते. बाजारहाटासाठी जीप वापरणाऱ्याने साध्या नूतनीकरणाचाच मार्ग धरावा.

तपासणीच्या आधी

नूतनीकरणासाठी गाडी नेण्यापूर्वी सर्व दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, आरसे आणि टायर पाहणे हे ओघाने आलेच. विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू असावे. गाडी मूळची महाराष्ट्रातील किंवा अन्य राज्यातील असेल तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र आणि कराचा हिशेब आधी मिटवावा. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन होण्यापूर्वी नोंदलेल्या गाड्यांच्या कागदांवर मध्य प्रदेशचा क्रमांक असतो. अशा गाडीची नोंद संगणकीय प्रणालीत चढली आहे का, हे मुदत संपण्याच्या कित्येक महिने आधी विचारून घ्यावे. लष्कराच्या विक्रीतून आलेल्या गाडीचे मूळ विक्रीपत्र हरवले असल्यास त्याची प्रत मिळवणे फार कठीण जाते.

या साऱ्याहून नाजूक गोष्ट म्हणजे चेसिस क्रमांक. तो चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला असतो आणि त्याच जागी वर्षानुवर्षे चिखल बसून गंज धरतो. ग्राइंडरला तारांचा ब्रश लावून गंज काढताना हा क्रमांकच पुसला गेल्याची उदाहरणे कारागिरांच्या तोंडून ऐकू येतात. क्रमांक वाचता आला नाही तर निरीक्षक गाडी पुढे सरकू देत नाही आणि क्रमांक पुन्हा ठोकण्याचा अधिकार मालकाला वा वेल्डरला नाही. तसे परस्पर केल्यास चोरीच्या गाडीचा संशय ओढवतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रमाणपत्रातील क्रमांक पाहून त्याची जागा शोधावी, रॉकेलने भिजवलेल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने ती हाताने स्वच्छ करावी, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि छायाचित्र काढून ठेवावे. त्यानंतर त्या जागेवर ग्रीसचा पातळ थर देऊन वर चिकटपट्टी लावावी आणि रंगकाम करणाऱ्याला ती जागा बोट ठेवून दाखवावी.